ओव्हरक्लॉक केलेल्या पीसीत पॉवर सेव्हिंग बंद करायचं का? उत्तर जेम्स वॅटच्या आयुष्यात आहे



तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचताय, त्याच्या आत या क्षणी एक गव्हर्नर काम करतोय. राज्यपाल नाही बरं का! अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स आहे आणि लिनक्समध्ये प्रोसेसरचा वेग ठरवणाऱ्या भागाला गव्हर्नर म्हणतात. तुम्ही भराभर स्क्रोल केलं की तो वेग वाढवतो, वाचत थांबलात की कमी करतो. आणि प्रोसेसर किती वीज खातो हे आपण मोजतो वॅटमध्ये. गव्हर्नर आणि वॅट, हे दोन्ही शब्द आपल्याला एकाच माणसाकडे घेऊन जातात. त्याचं नाव जेम्स वॅट, आणि त्याला जाऊन दोनशेहून जास्त वर्षं झाली.

मी वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला राहते आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. म्हणजे माझा सीझन कोणता, तर एप्रिल-मे. बाहेर पारा चाळिशीच्या पुढे, खोलीवर टिनाचं छप्पर, मध्येच लाईट जाते, आणि नवरीच्या घरून व्हिडिओ कधी देताय म्हणून फोन. माझ्याकडे ओव्हरक्लॉक केलेला डेस्कटॉप आहे. आजूबाजूची मुलंही गेमिंगसाठी किंवा एडिटिंगसाठी जुने प्रोसेसर घेऊन त्यांचा वेग वाढवतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. ओव्हरक्लॉक केल्यावर बायोसमधली पॉवर सेव्हिंगची फीचर्स, म्हणजे स्पीडस्टेप, सी-स्टेट वगैरे, बंद करायची का? कुठल्या तरी व्हिडिओत सांगितलेलं असतं की सगळी बंद करा, तरच मशीन स्टेबल राहतं.

माझं उत्तर आहे : नका करू. का, ते समजायला वॅटचं आयुष्य फार उपयोगी पडतं. कारण जास्त ताकद आणि कमी खर्च या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत, हे त्याने आयुष्यभर धंदा करून सिद्ध केलं. आणि जिथे त्याचा अंदाज चुकला, तिथूनही आपल्याला शिकण्यासारखं आहे.

बंदरावरचा नाजूक मुलगा

जेम्स वॅटचा जन्म १७३६ च्या जानेवारीत स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक या बंदराच्या गावी झाला. वडील जहाजं बांधायचे, जहाजावरची उपकरणं दुरुस्त करायचे आणि व्यापारही करायचे. मुलगा तब्येतीने नाजूक, डोकेदुखी तर आयुष्यभराची सोबतीण. सुरुवातीला आईनेच त्याला घरी शिकवलं. वडिलांच्या वर्कशॉपमध्ये त्याचा हात बसला आणि बारीक काम करण्याची गोडी लागली.

आई गेली तेव्हा तो जेमतेम सतरा-अठरा वर्षांचा होता. वडिलांचा धंदाही खालावला होता. १७५५ मध्ये तो लंडनला गेला आणि तिथे एका कारागिराकडे वर्षभर राहून मोजमापाची उपकरणं बनवायला शिकला. खरं तर ही उमेदवारी सात वर्षांची असायची. वॅटने ती एका वर्षात उरकली, पण तब्येत पार खराब करून घेतली.

परत आल्यावर ग्लासगोमध्ये दुकान टाकायचं ठरवलं, तर तिथल्या कारागीर संघाने अडवलं. सात वर्षांची उमेदवारी नाही, म्हणजे परवानगी नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर स्किल आहे पण सर्टिफिकेट नाही! शेवटी ग्लासगो विद्यापीठाने त्याला १७५७ मध्ये आपल्या आवारात छोटं वर्कशॉप दिलं. तिथेच त्याची जोसेफ ब्लॅक या प्राध्यापकाशी ओळख झाली. उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ब्लॅकने दाखवून दिलं होतं. पाण्याची वाफ होताना तापमान न वाढता खूप उष्णता आत शोषली जाते, हा त्याचा शोध. वॅटला पुढे हीच गोष्ट कामी आली.

एक खेळण्याएवढं इंजिन आणि वाया जाणारी वाफ

१७६३ च्या हिवाळ्यात विद्यापीठाने वॅटकडे एक मॉडेल दुरुस्तीला दिलं. ते होतं न्यूकॉमेनच्या वाफेच्या इंजिनाचं. हे इंजिन १७१२ पासून इंग्लंडच्या खाणींमध्ये पाणी उपसत होतं. त्याचं काम असं चालायचं : सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग आतच थंड पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचं पाणी झालं की आत पोकळी तयार होते आणि बाहेरच्या हवेचा दाब पिस्टनला खाली ढकलतो.

वॅटने मॉडेल दुरुस्त केलं, पण ते दोन-चार फेऱ्या मारून थांबायचं. वाफ संपून जायची. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर मोठा बॉयलर लावून मोकळा झाला असता. वॅटने मात्र मोजायला सुरुवात केली. एका फेरीला किती वाफ लागते, किती पाणी जळतं, सगळं मोजलं. सिलिंडरमध्ये जेवढी वाफ मावते त्याच्या कितीतरी पट वाफ खर्च होतेय, असं दिसलं. कारण साधं होतं. दर फेरीला सिलिंडर थंड पाण्याने गार व्हायचा आणि पुढची वाफ आधी तो धातूचा गोळा पुन्हा तापवण्यात खर्ची पडायची. काम कमी, तापवणंच जास्त.

आता तुमचा पीसी डोळ्यांपुढे आणा. तुम्ही ४.६ गिगाहर्ट्झवर ओव्हरक्लॉक केलंय, व्होल्टेज १.३ वर कायमचं बांधून टाकलंय, सगळी पॉवर सेव्हिंग बंद केली आहेत. तुम्ही काय करताय? फक्त फोल्डर उघडून बसलाय. प्रोसेसरला काम काहीच नाही, पण तो पूर्ण वेगाने आणि पूर्ण व्होल्टेजवर तयार उभा आहे. ही न्यूकॉमेनच्या इंजिनाचीच गत झाली.

१७६५ च्या मे महिन्यात एका रविवारी वॅट ग्लासगोच्या मैदानात फिरायला गेला होता. चालता चालता त्याला सुचलं की वाफ गार करण्याचं काम सिलिंडरच्या आत करायचंच कशाला? ते बाजूच्या वेगळ्या भांड्यात करावं. सिलिंडर कायम गरम, ते भांडं कायम गार. हाच तो प्रसिद्ध वेगळा कंडेन्सर.

एका दुपारची कल्पना, अकरा वर्षांची फरपट

गोष्टीत हे इथेच संपतं आणि माणूस श्रीमंत होतो. वॅटचं तसं झालं नाही.

पैसा लागणार होता. जॉन रोबक नावाच्या उद्योजकाने दोन तृतीयांश हिस्सा घेऊन पैसे दिले. १७६९ मध्ये पेटंट मिळालं. पण त्या काळच्या लोहारकामात सिलिंडर इतका ओबडधोबड बनायचा की पिस्टनच्या कडेने वाफ निसटून जायची. घर चालवायला वॅटने कालव्यांची मोजणी करायचं काम धरलं. पावसात, थंडीत, डोंगरात. हे जवळपास आठ वर्षं चाललं.

१७७३ हे वर्ष सगळ्यात वाईट होतं. रोबकचं दिवाळं निघालं. त्याच वर्षी वॅट उत्तरेच्या डोंगराळ भागात कालव्याची मोजणी करत असताना पत्नी मार्गारेट बाळंतपणात अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. तो पोचेपर्यंत ती गेली होती. पदरात लहान मुलं, खिशात कर्ज आणि हातात एक न चालणारं इंजिन.

रोबकचा हिस्सा बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनने घेतला. बोल्टन म्हणजे वॅटच्या अगदी उलट स्वभावाचा : धडाडीचा, बोलका, धंद्यात मुरलेला. १७७४ मध्ये वॅट बर्मिंगहॅमला गेला. पुढच्या वर्षी संसदेने पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढवून दिली. जॉन विल्किन्सनने तोफा पोखरण्यासाठी केलेल्या यंत्रासारख्या यंत्रावर सिलिंडर अचूक गोल पोखरून दिला आणि १७७६ मध्ये पहिली दोन मोठी इंजिनं सुरू झाली. मैदानातल्या त्या फेरफटक्यानंतर अकरा वर्षांनी.

बचतीवर चालणारा धंदा

बोल्टन आणि वॅट यांची कमाईची पद्धत बघा. ते म्हणजे इंजिन विकून मोकळे होणारे दुकानदार नव्हते. जुन्या न्यूकॉमेन इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश भाग खाणमालकाने दरवर्षी द्यायचा, असा करार असायचा. कॉर्नवॉलच्या तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणींना कोळसा बाहेरून आणावा लागे, त्यामुळे तो महाग पडायचा. तिथे हा करार चांगला चालला. पाणी तेवढंच उपसलं जायचं, पण कोळसा कितीतरी कमी लागायचा.

मग बचत मोजायची कशी? वॅटने इंजिनाच्या तुळईवर एक काउंटर बसवला. इंजिनाने किती ठोके मारले ते तो मोजायचा. कोणी आकड्यांशी खेळू नये म्हणून काउंटर कुलूपबंद डब्यात! पुढे त्याच्या हाताखालच्या जॉन सदर्नने सिलिंडरमधल्या दाबाचा आलेख आपोआप कागदावर काढणारं साधन केलं. आज आपण एचडब्ल्यूइन्फो किंवा सीपीयू-झेड उघडून व्होल्टेज आणि वेग बघतो, त्याचा हा पूर्वज म्हणता येईल. सेटिंग नंतर बदलायचं, आधी मोजायचं.

कारखानदारांना समजावं म्हणून वॅटने घोड्याची ताकद हे माप ठरवलं. मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम म्हणजे एक हॉर्सपॉवर. आजच्या हिशेबात साधारण ७४६ वॅट. आपल्या शेतातल्या विहिरीवर ५ एचपीची मोटर असते ना, ती म्हणजे सुमारे ३,७०० वॅट. मोटरवरचं एचपी आणि प्रोसेसरच्या डब्यावरचं वॅट, दोन्हींमागे माणूस एकच.

गरगर फिरणारे दोन गोळे

१७८० नंतर नुसतं पाणी उपसणं मागे पडलं. गिरण्यांना गोल फिरणारी ताकद हवी होती. वॅटने १७८१ ते १७८४ या काळात पेटंटांचा सपाटाच लावला. त्यातलं १७८२ चं एक आपल्या विषयाला अगदी जवळचं आहे : पिस्टन पूर्ण सरकेपर्यंत वाफ सोडत राहायची गरज नाही. थोडी सोडून व्हॉल्व्ह बंद करायचा, मग आत अडकलेली वाफ स्वतःच पसरून उरलेलं काम करते.

लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी अल्बियन मिल्स नावाची मोठी पीठगिरणी वॅटच्या इंजिनांवर चालायची. १७८८ मध्ये बोल्टनने वॅटला कळवलं की गिरण्यांमध्ये जात्याच्या दगडांतलं अंतर सांभाळायला फिरत्या गोळ्यांची एक युक्ती वापरतात. वॅटने ती उचलली आणि आपल्या इंजिनाच्या वाफेच्या झडपेला जोडली. इंजिन जोरात फिरलं की गोळे बाहेर फाकतात आणि झडप थोडी बंद होते. इंजिन मंदावलं की गोळे खाली येतात आणि झडप उघडते. हाच गव्हर्नर. मूळ कल्पना आपली नाही हे वॅटला माहीत होतं, म्हणून त्याने याचं पेटंट घेतलं नाही.

हे तुम्ही ऐकलेलं आहे, फक्त लक्ष दिलं नसेल. आपल्याकडे सोयाबीन काढणीच्या वेळी थ्रेशर चालू असतो. माल टाकला की इंजिनाचा आवाज क्षणभर दबतो, मग घुर्र करून काळा धूर सोडत इंजिन पुन्हा वेग धरतं. माल संपला की शांत होतं. दरवेळी कोणी जाऊन डिझेल वाढवत नाही. ते काम आतला गव्हर्नर करतो.

प्रोसेसरमधला गव्हर्नर थोडा वेगळा आहे, तेही सांगते. वॅटचा गव्हर्नर भार बदलला तरी वेग सारखा ठेवतो, त्यासाठी वाफ कमी-जास्त करतो. लिनक्समधला ऑनडिमांड किंवा शेडयुटिल गव्हर्नर भार बघून वेगच कमी-जास्त करतो. पण तत्त्व एकच : भार बघायचा आणि लागेल तेवढंच द्यायचं.

त्या गोळ्यांची एक खोडही होती. कधी कधी इंजिन एका वेगावर टिकायचं नाही, वर-खाली वर-खाली करत राहायचं. भार अचानक बदलला की ही गडबड जास्त व्हायची. १८६८ मध्ये जेम्स क्लर्क मॅक्सवेलने यामागचं गणित मांडलं आणि त्यातून पुढे नियंत्रणाचं अख्खं शास्त्र उभं राहिलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण ओव्हरक्लॉक केलेला पीसी फसतो तोही बऱ्याचदा अशा बदलाच्या क्षणीच.

वॅटची भीती, ग्रिनिचचा स्फोट आणि आपली शकुंतला

आता वॅटच्या हट्टाकडे येऊ. त्याची इंजिनं हवेच्या दाबाच्या आसपासच्या वाफेवर चालायची. वाफेचा दाब वाढवला तर छोटं इंजिन खूप ताकद देऊ शकतं हे त्याला कळत होतं. पण बॉयलर फुटेल ही धास्ती त्याला कायम होती आणि तेव्हाच्या लोखंडाचा दर्जा पाहता ती अगदी खोटीही नव्हती. त्याचा हुशार सहकारी विल्यम मर्डॉक वाफेच्या गाडीचं मॉडेल बनवत होता, त्याला प्रोत्साहन मिळालं नाही. जोनाथन हॉर्नब्लोअरने दोन सिलिंडरचं इंजिन केलं, तर पेटंटच्या जोरावर त्याची वाट अडवली गेली. १८०० मध्ये पेटंट संपेपर्यंत बाकीच्यांचे हात बऱ्यापैकी बांधलेले होते.

पेटंट संपलं आणि रिचर्ड ट्रेव्हिथिक उच्च दाबाची इंजिनं घेऊन पुढे आला. हे त्या काळातलं ओव्हरक्लॉकिंगच म्हणा. यंत्र लहान, दाब जास्त, ताकद भरपूर. १८०३ मध्ये लंडनजवळच्या ग्रिनिचला त्याचं एक इंजिन फुटलं आणि चार माणसं गेली. कारण काय निघालं? सेफ्टी व्हॉल्व्ह अडकवून ठेवलेला होता. वॅटच्या बाजूच्या लोकांना बोलायला मुद्दा मिळाला. ट्रेव्हिथिकने मात्र उच्च दाब सोडला नाही. त्याने पुढच्या बॉयलरवर दोन सेफ्टी व्हॉल्व्ह दिले, शिवाय शिशाची एक अशी गुडदी बसवली की बॉयलर फार तापला तर ती आधी वितळून वाफ बाहेर निघावी. १८०४ मध्ये त्याचं इंजिन वेल्समध्ये रुळांवर धावलं.

म्हणजे दोघांमध्ये बरोबर कोण? माझ्या मते दोघंही अर्धे अर्धे. ताकद वाढवायला ट्रेव्हिथिकचा दाब हवा आणि ती परवडायला वॅटची काटकसर हवी.

याचा पुरावा आमच्या कारंज्यातून जायचा. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही शकुंतला रेल्वेची अरुंद लाईन कारंजा-दारव्हा मार्गे जाते. वऱ्हाडातला कापूस वाहून न्यायला इंग्रज कंपनीने बांधलेली. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन या गाडीला १९२३ पासून होतं, ते १९९४ पर्यंत ओढत होतं. वाशिम जिल्हा १९९८ ला झाला, म्हणजे तेव्हा कारंजा अकोला जिल्ह्यातच होतं. आता गाडी बंद आहे, पण नाव काढलं की जुनी माणसं बोलायला लागतात.

अशा इंजिनात उच्च दाबाची वाफ असते, म्हणजे ट्रेव्हिथिकची बाजू. गाडी स्टेशनातून निघताना ड्रायव्हर पिस्टनच्या बहुतेक अंतरापर्यंत वाफ सोडतो. गाडीने वेग धरला की दांडा मागे घेऊन वाफ लवकर तोडतो आणि उरलेलं काम वाफेच्या पसरण्यावर सोडतो. हे वॅटचं १७८२ चं पेटंट. इथे गव्हर्नर म्हणजे ड्रायव्हरच. वर सेफ्टी व्हॉल्व्ह असतोच. दाब जास्त आहे म्हणून काटकसर बंद, असं कोणी करत नाही. उलट दाब जास्त म्हणूनच काटकसर जास्त लागते, नाहीतर पुढच्या स्टेशनापर्यंत कोळसा-पाणी पुरणार कसं?

आता बायोस उघडू

आधी गणित. प्रोसेसरची वीज साधारणपणे वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा ४.० वरून ४.६ गिगाहर्ट्झ केलं आणि त्यासाठी १.० वरून १.३ व्होल्ट द्यावे लागले. वेग वाढला १५ टक्के. वीज किती? १.१५ गुणिले १.६९, म्हणजे जवळपास दुप्पट! म्हणूनच ओव्हरक्लॉक केलेल्या मशीनला रिकाम्या वेळेतली बचत साध्या मशीनपेक्षा जास्त गरजेची.

बचतीची दोन साधनं आहेत. पहिलं, वेग आणि व्होल्टेज एकत्र खाली आणणं : इंटेलचं स्पीडस्टेप, एएमडीचं कूल अँड क्वाएट. दुसरं, सी-स्टेट : काम नसलेल्या कोअरला झोपवणं. सी१ म्हणजे डुलकी, सी६ म्हणजे गाढ झोप. झोपेतून उठायला लागतात मायक्रोसेकंद, म्हणजे तुम्हाला ते जाणवणारही नाही.

मी जसं करते तो क्रम देते :

१. आधी बचतीशिवाय ओव्हरक्लॉक पूर्ण भारावर स्टेबल आहे का ते तपासा आणि तेव्हाचं तापमान लिहून ठेवा.

२. व्होल्टेज फिक्स्ड ठेवू नका. ऑफसेट किंवा अ‍ॅडॅप्टिव्ह मोड निवडा. फिक्स्ड असेल तर वेग उतरतो पण व्होल्टेज तिथेच राहतं, म्हणजे निम्मी बचत पाण्यात.

३. स्पीडस्टेप आणि सी१ई चालू करा. एक-दोन दिवस वापरा. मग सी६. सगळं एकदम चालू केलं तर गडबड कशामुळे झाली ते कळणार नाही.

४. विंडोजमध्ये पॉवर प्लॅन बॅलन्स्ड ठेवा आणि मिनिमम प्रोसेसर स्टेट ५ टक्क्यांच्या आसपास. तिथे १०० असेल तर बायोसमध्ये स्पीडस्टेप चालू करूनही वेग खाली उतरत नाही.

५. टेस्ट फक्त पूर्ण भारावर घेऊ नका. पीसी रात्रभर नुसता चालू ठेवा. मग छोटी कामं चालू-बंद करत राहा. मॅक्सवेलवाली गोष्ट आठवा : झोपलेला प्रोसेसर एकदम पूर्ण भारावर आला की व्होल्टेज क्षणभर खचतं आणि मशीन अडकतं ते तिथे.

६. रिकामं असताना पीसी अडकला तर सगळं बंद करू नका. ऑफसेट जरासा वाढवून बघा. तरीही नाही, तर फक्त सगळ्यात गाढ सी-स्टेट बंद करा, बाकी राहू द्या. २०१३ च्या हॅसवेल प्रोसेसरपासून सी६-सी७ मध्ये विजेची मागणी इतकी खाली जाते की काही जुन्या पॉवर सप्लायना ती झेपत नाही. दोष तिथेही असू शकतो.

७. एएमडी रायझन असेल तर सगळ्या कोअर एका वेगाला बांधण्यापेक्षा पीबीओ वापरा. वरचा वेगही मिळतो आणि झोपायची सोयही राहते.

आणि एक गोष्ट कधीच बंद करू नका, ती म्हणजे जास्त तापल्यावर वेग कमी करणारी किंवा मशीन बंद करणारी सुरक्षा. तो तुमचा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. ग्रिनिच विसरू नका.

फायदा किती? प्रामाणिकपणे सांगते, रेंडर चालू असताना काहीच नाही. तेव्हा सगळे कोअर कामात असतात. पण एडिटिंगचा बराच वेळ क्लिप बघण्यात आणि निवडण्यात जातो. समजा रिकाम्या वेळी ४० वॅट वाचले आणि दिवसाला असे दहा तास भरले, तर महिन्याला १२ युनिट. वर्षभर असंच चाललं तर १४४. आणि लाईट गेल्यावर? इन्व्हर्टरवरचा भार १०० वरून ६० वॅट झाला तर तीच बॅटरी दीडपटीहून जास्त वेळ पुरते. नवरीचा व्हिडिओ सेव्ह होऊन पीसी नीट बंद होतो, की मध्येच गचकतो, एवढा फरक पडतो. शिवाय टिनाच्या खोलीत ४० वॅटची उष्णता कमी आणि खरं काम आलं तेव्हा कूलर आधीच तापलेला नसतो.

माळ्यावरचं वर्कशॉप

१८०० मध्ये पेटंट संपलं तसा वॅट कंपनीतून बाहेर पडला. तेव्हा तो ६४ वर्षांचा होता. पैसा होता, मान होता. पण दुसऱ्या लग्नाची मुलं जेसी आणि ग्रेगरी दोघंही तरुणपणीच गेली. बर्मिंगहॅमजवळच्या आपल्या घराच्या माळ्यावर त्याने छोटं वर्कशॉप केलं आणि पुतळ्यांच्या हुबेहूब प्रती काढणारं यंत्र बनवत बसला. हाताने काम करायची लहानपणची सवय शेवटपर्यंत सुटली नाही. २५ ऑगस्ट १८१९ रोजी तो गेला, वय ८३. त्याचं ते वर्कशॉप आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

१८८२ मध्ये विल्यम सीमेन्सने सुचवलं की विद्युत शक्तीच्या एककाला वॅटचं नाव द्यावं. तेव्हापासून बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर, प्रोसेसर, सगळ्यांवर त्याचं नाव छापलं जातं. ज्याची बरीचशी कमाई वाचवलेल्या कोळशाच्या हिश्श्यातून झाली, त्याच्या नावाने आपण आज खर्च मोजतो.

तर मित्रांनो, आज एकच काम करा. पीसी रिकामा ठेवून सीपीयू-झेड उघडा आणि दोन आकडे बघा : वेग आणि व्होल्टेज. दोन्ही खाली उतरत असतील तर छान. वेग उतरतोय पण व्होल्टेज हलत नाही, तर वरचा दुसरा मुद्दा तुमच्यासाठी आहे. दोन्ही हलत नसतील, तर तिसऱ्या आणि चौथ्या मुद्द्यापासून सुरुवात करा. फोनवाल्यांनो, तुमचा गव्हर्नर आपोआप चालू आहे, त्याला त्याचं काम करू द्या.